नेमलेल्या क्षणीच पॅकेट सुटते का? लिनक्स कर्नलच्या ‘एसओ-टीएक्सटाइम’ चाचणीचे परीक्षण

नेटवर्कवर पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, शक्य तितक्या लवकर पाठवणे आणि पॅकेट नेमलेल्या क्षणी पाठवणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. पहिली प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम पार पाडते. दुसरी जबाबदारी लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या ४.१९ या आवृत्तीत अंगावर घेतली. प्रोग्रामने सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कशी बोलण्याच्या आपल्या दारावर, ‘एसओ-टीएक्सटाइम’ हा पर्याय चालू करायचा, प्रत्येक पॅकेटसोबत ते कधी सुटावे हे नॅनोसेकंदांत सांगायचे आणि पुढचे काम कर्नलवर सोपवायचे, अशी ही सोय आहे. कर्नलने दिलेला हा शब्द पाळला जातो की नाही, हे तपासण्यासाठी २०१९ मध्ये कर्नलच्या मूळ संहितेतच एक छोटी चाचणी दाखल झाली. सी भाषेतला एक प्रोग्राम आणि त्याला चालवणारी एक शेल स्क्रिप्ट एवढाच तिचा पसारा आहे. पॅकेटच्या वेळेशी ज्यांचा कामापुरता संबंध येतो, त्या सर्वांनी ही चाचणी नीट समजून वापरावी असे मला वाटते. ती काय सिद्ध करते आणि काय सिद्ध करत नाही, याविषयी मात्र बराच गैरसमज आहे, आणि म्हणून हे परीक्षण थोडे विस्ताराने लिहीत आहे.

चाचणी समजण्यासाठी आधी तिच्याखालची यंत्रणा पाहावी लागते. पॅकेट सॉकेटमधून निघाले की नेटवर्क कार्डाकडे जाण्यापूर्वी ते एका रांगेत थांबते आणि त्या रांगेची शिस्त कोणती, यावर त्याचे पुढचे भवितव्य ठरते. नेमलेल्या वेळेचा मान राखणाऱ्या दोन शिस्ती येथे महत्त्वाच्या आहेत. ‘एफक्यू’ ही २०१३ पासून कर्नलमध्ये असलेली शिस्त प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे एका जोडणीतल्या पॅकेटांच्या मालिकेला, त्याचा न्याय्य वाटा देण्यासाठी आणि टीसीपी या पोच घेत पाठवणाऱ्या पद्धतीचा वेग आवरण्यासाठी बनवली गेली; प्रत्येक पॅकेटला ‘याआधी सुटू नये’ अशी वेळ जोडण्याची पद्धत ४.२० या आवृत्तीत टीसीपीसाठी रूढ झाली, तेव्हा ती वेळ पाळण्याचे काम तिच्याकडेच आले. ‘ईटीएफ’ ही दुसरी शिस्त मात्र ४.१९ मध्ये याच कामासाठी जन्माला आली. ती सर्व पॅकेटे वेळेच्या क्रमाने एका वृक्षात ठेवते, सर्वांत आधीच्या पॅकेटसाठी गजर लावते आणि नेमलेल्या वेळेच्या थोडे आधी, म्हणजे ‘डेल्टा’ नावाच्या अंतराइतके आधी, ते पॅकेट ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड हाताळणाऱ्या संहितेच्या, हाती देते.

दोघींच्या स्वभावातला फरक एवढ्यावर संपत नाही. एफक्यू मोनोटॉनिक घड्याळ पाहते, म्हणजे यंत्र सुरू झाल्यापासून पुढेच जाणारे आणि कोणी तारीख बदलली तरी न हलणारे घड्याळ. ईटीएफ फक्त टीएआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुकाल, स्वीकारते. वेळ टळून गेलेले पॅकेट एफक्यूकडे आले तर ती ते लगेच सोडून देते. ईटीएफ ते पॅकेट टाकून देते, कारण उशिरा पोहोचलेला नियंत्रणसंदेश न पोहोचलेल्या संदेशापेक्षा अधिक घातक ठरू शकतो, हे तिचे गृहीतक आहे. यांतले कोणतेही एक वर्तन चूक नाही. व्हिडिओ पाठवणाऱ्या सर्व्हरला एफक्यूची उदारता हवी असते आणि कारखान्यातल्या यंत्रहाताला आज्ञा देणाऱ्या नियंत्रकाला ईटीएफची कठोरता.

आता प्रत्यक्ष चाचणीकडे वळू. ती यूडीपी या पोच न मागणाऱ्या साध्या पद्धतीची पॅकेटे पाठवते आणि प्रत्येक पॅकेटमध्ये फक्त एक अक्षर असते. चाचणीला दिलेली सूचना ‘ए, १०, बी, २०’ अशा धाटणीची असते. तिचा अर्थ ‘ए’ हे अक्षर असलेले पॅकेट दहाव्या मिलिसेकंदाला आणि ‘बी’ असलेले विसाव्या मिलिसेकंदाला सुटावे असा होतो. तिच्या जोडीला अपेक्षित निकालही याच भाषेत लिहिलेला असतो. पलीकडचा सॉकेट अक्षरे कोणत्या क्रमाने आणि कधी आली हे पाहतो, आणि अपेक्षित वेळेपासूनचे अंतर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले, मग पॅकेट लवकर आलेले असो वा उशिरा, तर चाचणी नापास होते. वेळेच्या जागी शून्य लिहिले तर ‘आत्ताच’ असा अर्थ होतो, आणि उणे एक लिहिले तर पॅकेटसोबत वेळ मुळीच जोडली जात नाही. या लिपीचे मला मनापासून कौतुक वाटते. चाचणीची संपूर्ण मांडणी एका ओळीत वाचता येते, नवीन प्रसंग जोडायला एकच ओळ पुरते, आणि बिघाड झाला तर कोणते अक्षर चुकले हे लगेच दिसते.

या चाचणीतील सर्वांत मोलाची ओळ आहे ‘ए, २०, बी, १०’. येथे आधी पाठवलेल्या पॅकेटला नंतरची वेळ आणि नंतर पाठवलेल्या पॅकेटला आधीची वेळ दिलेली आहे, म्हणजे रांगेला क्रम उलटवण्याची परीक्षा द्यावी लागते. ईटीएफकडून अपेक्षा सरळ आहे: बी दहाव्या मिलिसेकंदाला आणि ए विसाव्याला. एफक्यूसाठी मात्र चाचणीने ‘बी, २०, ए, २०’ असा निकाल अपेक्षित धरला आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही छपाईची चूक वाटेल, पण ती चूक नाही. ए रांगेत आले तेव्हाच एफक्यूने त्या संपूर्ण प्रवाहाला विसाव्या मिलिसेकंदापर्यंत झोपवले. त्यानंतर आलेले बी प्रवाहाच्या आत वेळेनुसार एच्या पुढे बसवले जाते हे खरे, परंतु झोपलेल्या प्रवाहाची उठण्याची वेळ बदलली जात नाही. म्हणून विसाव्या मिलिसेकंदाला प्रवाह जागा होतो तेव्हा बी आधी आणि ए पाठोपाठ अशी दोन्ही पॅकेटे बाहेर पडतात. एफक्यूचे हे वागणे एखाद्या वापरकर्त्याला अडचणीचे ठरू शकते, आणि ते इतक्या स्पष्टपणे नोंदवून ठेवणारी दुसरी जागा मला माहीत नाही. या ओळीच्या शेजारी दोन वाक्यांची टीप असती तर शिकणाऱ्यांचे बरेच तास वाचले असते. संपूर्ण चाचणीत स्पष्टीकरणांची कमतरता आहे आणि ती सर्वांत जास्त येथे जाणवते.

ईटीएफसाठी आणखी दोन प्रसंग आहेत, ज्यांत पॅकेट पोहोचू नये हीच अपेक्षा आहे. वेळ न जोडलेले पॅकेट आणि ‘आत्ताच’ अशी वेळ जोडलेले पॅकेट ही दोन्ही ईटीएफने नाकारली पाहिजेत. दुसऱ्याच्या बाबतीत कारण असे की पॅकेट रांगेपर्यंत येईतो ‘आत्ता’ होऊन गेलेले असते. स्क्रिप्टच्या मूळ रूपात ही अपेक्षा बॅश शेलच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, नकारचिन्हाने लिहिलेली होती, आणि तेथे एक खोल उणीव होती. चूक होताच थांबण्याची आज्ञा स्क्रिप्टच्या सुरुवातीला दिलेली असली तरी नकारचिन्ह लावलेल्या आदेशाला बॅश त्या आज्ञेतून वगळते. म्हणजे ईटीएफने नाकारायला हवे ते पॅकेट खुशाल जाऊ दिले असते, तरी स्क्रिप्ट तक्रार न करता पुढे गेली असती. शिवाय पॅकेट भलत्याच कारणाने हरवले तरी अपेक्षा पूर्ण झाल्यासारखे दिसले असते. जुन्या कर्नलसोबत आलेली स्क्रिप्ट जे आजही चालवतात, त्यांनी या दोन ओळींचा निकाल स्वतः डोळ्यांनी वाचावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

सुदैवाने तो वाचण्याची सोय चाचणीत आहे. कर्नल पॅकेट टाकून देतो तेव्हा पाठवणाऱ्याला त्याचे कारण सॉकेटच्या त्रुटिरांगेतून, म्हणजे चुकांच्या सूचनांसाठीच्या वेगळ्या रांगेतून, कळवू शकतो, आणि चाचणी ही सोय चालू करते. वेळ मुळातच अग्राह्य होती की पॅकेट रांगेत असताना वेळ टळली, असे दोन वेगळे संकेत तेथे मिळतात आणि प्रोग्राम ते छापून दाखवतो. प्रत्यक्ष कामात हा भेद फार उपयोगी पडतो. अग्राह्य वेळेचा संकेत सतत येत असेल तर प्रोग्राम पॅकेट उशिरा तयार करत आहे किंवा घड्याळ चुकीचे वापरत आहे असे समजावे. वेळ टळल्याचा संकेत येत असेल तर यंत्रावरचा भार किंवा डेल्टाचे तोकडे मूल्य यांकडे पाहावे. चाचणीत डेल्टा ४,००,००० नॅनोसेकंद, म्हणजे ४०० मायक्रोसेकंद, ठेवलेला आहे. सर्वसाधारण यंत्रासाठी तो पुरेसा सैल आहे, मात्र तेच मूल्य डोळे झाकून प्रत्यक्ष यंत्रणेत उचलू नये.

चालवायला ही चाचणी सोपी आहे. कर्नलमध्ये एफक्यू आणि ईटीएफ या दोन्ही शिस्ती बांधलेल्या असाव्यात, रांगेची शिस्त नेमण्याचे ‘टीसी’ हे साधन ईटीएफ ओळखण्याइतके नवे असावे आणि प्रशासकाचे अधिकार असावेत, एवढ्याच अटी आहेत. साधन जुने असेल तर चाचणी तसे सांगून ईटीएफचा भाग वगळते. वगळलेला भाग उत्तीर्ण समजला जाऊ नये, म्हणून शेवटची ओळच नव्हे तर संपूर्ण छापील निकाल पाहण्याची सवय ठेवावी. आरंभी ही चाचणी लूपबॅकवर, म्हणजे यंत्राने स्वतःलाच पाठवण्याच्या मार्गावर, चालत असे; नंतर ती दोन वेगळ्या नेटवर्क नामक्षेत्रांमधील, म्हणजे एकाच कर्नलने एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कांमधील, ‘व्हेथ’ या आभासी कार्डांच्या जोडीवर आली, आणि हा बदल योग्य झाला, कारण पॅकेट एका नामक्षेत्रातून दुसऱ्यात जाते तेव्हा त्याच्या वेळेचे काय होते हा प्रश्न कंटेनरच्या, म्हणजे अशा वेगळ्या कप्प्यांत चालणाऱ्या प्रोग्रामांच्या, जमान्यात अगदी रोजचा आहे.

या प्रश्नामागे कर्नलच्या रचनेतली एक जुनी गुंतागुंत आहे. पॅकेटच्या नोंदीत वेळेसाठी एकच रकाना होता आणि तो दोन परस्परविरोधी कामांसाठी वापरला जात असे: येणाऱ्या पॅकेटसाठी ते कधी आले ही वेळ, आणि जाणाऱ्या पॅकेटसाठी ते कधी सुटावे ही वेळ. पहिली वेळ भिंतीवरच्या घड्याळाची, दुसरी मोनोटॉनिक किंवा अणुकालाची. एकाच यंत्रात आलेले पॅकेट पुढे पाठवायचे झाले की आल्याची वेळ सुटण्याची वेळ म्हणून वाचली जाण्याचा धोका उभा राहत असे. त्यावर उपाय म्हणून रकाना पुसून टाकला, तर कंटेनरमधून निघालेल्या पॅकेटला नेमून दिलेली वेळ यंत्राच्या मुख्य रांगेपर्यंत पोहोचतच नसे. ५.१८ या आवृत्तीत रकान्यातली वेळ कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारी खूण जोडली गेली आणि २०२४ मध्ये ती अणुकालासाठीही वाढवण्यात आली. अशा बदलांच्या वेळी या छोट्या चाचणीचे मोल कळते. सुटण्याची वेळ वाटेत कुठे पुसली गेली तर ‘ए, १०’ हे पॅकेट तत्काळ पोहोचेल आणि चाचणी लवकर आल्याबद्दल त्याला नापास करेल. कर्नलमध्ये फेरफार करणाऱ्यासाठी ही चाचणी असावी तर अशीच: लहान, झटपट चालणारी आणि नेमक्या वर्मावर बोट ठेवणारी.

तिची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. व्हेथ ही जोडी सॉफ्टवेअरची आहे. तिच्यात तार नाही, कार्ड नाही आणि कार्डाचे घड्याळही नाही. पॅकेट पोहोचल्याची वेळ चाचणीचा प्रोग्राम स्वतःच्या घड्याळावर वाचतो, त्यामुळे प्रोसेसरने त्या प्रोग्रामला जागे करण्यात घालवलेला वेळही पॅकेटच्या खात्यावर लिहिला जातो. म्हणूनच चाचणीतली सहनमर्यादा मिलिसेकंदांच्या घरातली आहे. तशी ती असूनही एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे दाटीने चालत असतील तर चाचणी अधूनमधून कारणाविना नापास होते. ही गोष्ट कर्त्यांनाही ठाऊक होती, आणि म्हणून मूळ स्क्रिप्ट एकदा नापास झाल्यास पुन्हा एकदा प्रयत्न करत असे. पुन्हा प्रयत्न करण्याची ही सवलत मला समजते, पण आवडत नाही. वेळेच्या चाचणीत क्वचित होणारा उशीर हाच बहुधा शोधायचा दोष असतो, आणि दुसऱ्या प्रयत्नाने तो झाकला जातो. मी माझ्या वापरात ही सवलत काढून टाकते, यंत्रावरची इतर कामे थांबवते आणि चाचणी सलग पुष्कळ वेळा चालवून तिच्या अपयशांचे प्रमाण पाहते.

ज्यांना क्रम आणि ढोबळ वेळ यांपलीकडे जायचे आहे, त्यांनी प्रत्यक्ष कार्ड घेतले पाहिजे. यासाठी इंटेलचे आय-२१० हे एक गिगाबिटचे कार्ड अजूनही सर्वांत सोयीचे आहे, कारण ईटीएफचा भार कार्डावर सोपवण्याची सोय लिनक्समध्ये सर्वप्रथम त्याच्या ‘आयजीबी’ ड्रायव्हरमध्ये आली आणि त्याविषयी लिहिलेलेही भरपूर सापडते. या कार्डात पाठवण्याच्या चार रांगा आहेत, पण नेमलेल्या वेळी पॅकेट सोडण्याची सोय त्यांतल्या पहिल्या दोनच रांगांवर मिळते. पॅकेट कार्डाच्या हाती आधीच दिलेले असते आणि कार्ड स्वतःच्या घड्याळाकडे पाहून ते सोडते, त्यामुळे प्रोसेसरच्या लहरींचा परिणाम तारेवर उतरत नाही. वेळ सांगण्याचा या कार्डाचा दाणा, म्हणजे सर्वांत लहान टप्पा, ३२ नॅनोसेकंदांचा आहे. एका मिलिसेकंदात असे ३१,२५० दाणे बसतात. व्हेथवर उत्तीर्ण झालेली चाचणी आणि कारखान्याच्या तारेवरची गरज यांत किती अंतर आहे, हे या आकड्यावरून ध्यानात यावे.

या कार्डाची एक विशेष गोष्ट चाचणी करणाऱ्याने लक्षात ठेवलीच पाहिजे. ड्रायव्हर कार्डाला संपूर्ण तारीख-वेळ देत नाही. नेमलेल्या वेळेतला सेकंदाखालचा भाग तेवढा देतो. म्हणून पूर्ण सेकंदांची चूक कार्डाला दिसतच नाही. अणुकाल १ जानेवारी २०१७ पासून जागतिक प्रमाणवेळेच्या ३७ सेकंद पुढे आहे आणि लिनक्समध्ये हा फरक कोणीतरी कर्नलला कळवावा लागतो. वेळ जुळवणाऱ्या सेवेने तो कळवला नसेल तर यंत्राचे अणुकाल घड्याळ प्रमाणवेळेइतकेच दाखवते. एकाच यंत्रावर प्रोग्राम आणि ईटीएफ दोघेही तेच घड्याळ वाचत असल्यामुळे पॅकेटे बिनतक्रार सुटतात, कार्डालाही काही खटकत नाही, आणि चूक लपून राहते. घड्याळ बरोबर असलेल्या दुसऱ्या यंत्राने ठरवलेल्या वेळी पॅकेट पाठवायची पाळी आली की ईटीएफ ती वेळ ३७ सेकंद पुढची समजते आणि सगळी पॅकेटे तेवढी उशिरा सुटतात. चाचणीच्या आधी कर्नलमधला हा फरक ३७ आहे ना, आणि कार्डाचे घड्याळ ‘पीटीपी’ या नेटवर्कवरून घड्याळे जुळवणाऱ्या सेवेने व यंत्राचे घड्याळ त्याच्या जोडीच्या सेवेने जुळवलेले आहे ना, हे पाहणे म्हणूनच अनिवार्य आहे.

मोजमाप घेणाऱ्या बाजूलाही तेवढाच काटेकोरपणा हवा. पलीकडे आय-२१० असेल तर ते येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर हार्डवेअरमध्येच वेळ उमटवू शकते, आणि त्यामुळे प्रोग्राम जागा होण्याचा वेळ मोजमापातून वगळला जातो. मोजण्यासाठी ‘आयसोक्रॉन’ हे मुक्त साधन चांगले आहे. ठरलेल्या आवर्तनाने पॅकेटे पाठवून प्रत्येकाची नेमलेली आणि प्रत्यक्ष वेळ ते समोरासमोर ठेवते.

येथे एका गोष्टीवर मी मुद्दाम थांबते, कारण कार्ड आणल्यावर होणाऱ्या निराशेचे ते सर्वांत मोठे कारण आहे. एकेरी लोहमार्गावर मालगाडी एकदा पुढे निघाली की मागच्या जलद गाडीचे वेळापत्रक कितीही काटेकोर असले तरी तिला थांबावेच लागते, तसेच तारेवर होते. पूर्ण आकाराची इथरनेट चौकट (तारेवर जाणारे पूर्ण पॅकेट) तारेवर १,५३८ बाइट्सची जागा घेते आणि एक गिगाबिट वेगाने ती सुटायला सुमारे १२.३ मायक्रोसेकंद लागतात. शंभर मेगाबिटच्या तारेवर १२३. नेमलेल्या क्षणाच्या किंचित आधी दुसऱ्या रांगेतले असे एखादे पॅकेट सुटले, तर ३२ नॅनोसेकंदांच्या दाण्याचा काही उपयोग उरत नाही. त्यामुळे निवांत तारेवर उत्तम निकाल देणारी व्यवस्था भार आल्यावर ढासळते, आणि त्याचा दोष ईटीएफला देणे अन्यायाचे आहे. इतर वाहतुकीला ठरावीक वेळी दार बंद ठेवण्याचे काम ‘टाप्रियो’ या वेगळ्या शिस्तीचे आहे, जी ४.२० मध्ये आली. चाचणी घेणाऱ्याने पार्श्वभूमीला पूर्ण आकाराच्या पॅकेटांचा भार ठेवूनच मोजमाप घ्यावे. निवांत तारेवरचे आकडे अहवालात एकटे देऊ नयेत.

मूळ चाचणीत मला आणखी तीन गोष्टी हव्या आहेत. पहिली म्हणजे ईटीएफच्या ‘डेडलाइन’ पद्धतीची तपासणी, ज्यात दिलेली वेळ सुटण्याचा क्षण नसून शेवटची मुदत मानली जाते; ही सोय सुरुवातीपासून आहे आणि मी वापरलेल्या स्क्रिप्टमध्ये तिला स्पर्शही नाही. दुसरी, एफक्यूच्या क्षितिजाची तपासणी. ५.८ या आवृत्तीपासून एफक्यू मूळ मांडणीत दहा सेकंदांपलीकडची वेळ मान्य करत नाही आणि असे पॅकेट टाकून द्यायचे की क्षितिजावर आणून ठेवायचे हे प्रशासक ठरवतो. घड्याळांची गल्लत झालेल्या प्रोग्रामला हीच भिंत सर्वप्रथम लागते, म्हणून तिची परीक्षा असायला हवी. तिसरी, नाकारलेल्या पॅकेटबाबत ‘पोहोचले नाही’ एवढ्यावर समाधान न मानता त्रुटिरांगेतून आलेले कारण अपेक्षित कारणाशी ताडून पाहणे.

पुण्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणारे अनेक मराठी अभियंते आता इथरनेटवरच्या कालबद्ध संदेशांकडे वळत आहेत, आणि त्यांच्यापैकी जे या विषयात नवे आहेत त्यांना मी पुढील क्रम सुचवीन. कार्ड मागवण्याआधी साध्या लॅपटॉपवरच ही चाचणी चालवावी. मोनोटॉनिक घड्याळाचा भाग सामान्य वापरकर्त्याच्या प्रोग्राममधूनही वापरता येतो, अणुकालासाठी मात्र नेटवर्क प्रशासनाचा अधिकार लागतो, हे तेथेच कळेल. मग स्क्रिप्टमधली एकेक ओळ बदलून, डेल्टा कमी करत नेऊन, पॅकेटे कोणत्या टप्प्यावर नाकारली जाऊ लागतात आणि त्रुटिरांग काय सांगते हे पाहावे. ते वर्तन हाताला बसल्यावर दोन आय-२१० कार्डे एकमेकांना थेट तारेने जोडावीत, मधे स्विच ठेवू नये, आणि मोजमाप तेथून सुरू करावे.